डिसेंबरातला सूर्य आणि देवळाची भिंत: खिद्रापूर ते हंपी

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून गाडीने निघून खिद्रापूर, विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी असे आठ दिवस. सोबत एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या दोन लेन्स आणि ट्रायपॉड. मागच्या सहलीत मूर्ती सपाट आल्या, आकाश पांढरं पडलं आणि मंडपातले फोटो हलले. तर नवीन काय घ्यावं आणि कुठे किती वेळ द्यावा?

नवीन कॅमेरा घेऊ नका. पहिल्या दोन तक्रारी सूर्याच्या दिशेच्या आहेत आणि तिसरी टेकू घेण्याची. ठिकाणांची यादी तुम्ही केलीच आहे. आता तिच्याशेजारी भिंतींची यादी करा: कोणतं देऊळ, कोणती बाजू, किती वाजता.

मूर्ती सपाट का येते, ते घरीच बघता येतं. अंधाऱ्या खोलीत दहा रुपयांचं नाणं भिंतीला चिकटवा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून मारा. नाणं उजळतं, पण अक्षरं विरून जातात. आता टॉर्च भिंतीलगत बाजूला न्या. उजेड भिंतीला २० ते ३० अंशांचा कोन करून घासत गेला की अक्षर अन् अक्षर उठून दिसतं. कोरीव कामाचं गणित एवढंच आहे.

बहुतेक जण सांगतात, ‘पूर्वेची बाजू सकाळी घ्या, पश्चिमेची संध्याकाळी.’ त्यात रंग मिळतो, उठाव मिळत नाही. डिसेंबरात या पट्ट्यात सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि तेवढाच नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो. म्हणजे सूर्योदयाला पूर्वेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ समोरून पडतं: सोनेरी, देखणं आणि सपाट. तीच भिंत सव्वादहा-साडेदहाला बघा. ऊन वरून आणि डावीकडून, भिंतीला २७ अंशांच्या आसपास घासत येतं. पश्चिमेच्या भिंतीची हीच अवस्था दुपारी सव्वादोनच्या सुमारास असते. दक्षिणेची भिंत मात्र सकाळी साडेसात ते साडेआठ आणि दुपारी सव्वाचार ते सव्वापाच या दोन्ही वेळांना तिरप्या उन्हात असते, तेही उबदार रंगाच्या. डिसेंबरात सगळ्यात उपयोगी भिंत दक्षिणेचीच. मध्यान्ही तिच्यावर ऊन असतंच, पण सूर्य ५० अंशांवर चढलेला असल्याने छज्ज्याची सावली मूर्तीच्या कपाळावर येते आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात.

पांढऱ्या आकाशाचं उत्तरही यातच आहे. दक्षिणेची भिंत टिपताना तोंड उत्तरेला असतं, सूर्य पाठीशी असतो आणि समोरचं आकाश गर्द निळं. उत्तरेची भिंत टिपायला गेलात की कॅमेरा सूर्याच्या बाजूला वळतो, भिंत सावलीत आणि मागे पांढरंफटक आकाश. या भिंतीला डिसेंबरात दिवसभर ऊन शिवत नाही. तिथे आकाश चौकटीतून काढूनच टाका, ५५-२५० लावून एकेक मूर्ती घ्या आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग) ‘सावली’वर ठेवा, नाहीतर दगड निळसर येतो. पोलरायझरने, म्हणजे लेन्सवरच्या चमक कापणाऱ्या फिल्टरने, आकाश गडद करायचा मोह होईल, पण १८ मिमीला तो निम्मं आकाश गडद आणि निम्मं फिकं करून ठेवतो. त्याचा खरा उपयोग चकचकीत खांबांवरची चमक मारायला.

दगड बदलला की एक्स्पोजरही बदलतं. खिद्रापूरचा काळा बेसॉल्ट चौकट भरून घेतलात तर कॅमेऱ्याचा मीटर त्याला राखाडी करून टाकतो. तिथे उणे २/३ ते उणे १ स्टॉप द्या (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). बदामीचा तांबडा वालुकाश्म उलटा फसवतो. सर्वसाधारण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला आपटलेला असतो आणि दगडाचा पोत मेणासारखा गुळगुळीत येतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम सुरू करा आणि फक्त लालकडे बघा. हंपीचा ग्रॅनाइट फिकट असतो. त्यात उन्हात चमकणारे कण असतात, ते जळले तरी बिघडत नाही. सगळं रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच घ्या.

आता वाटेने जाऊ.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर कृष्णेकाठी, शिरोळ तालुक्यात, कोल्हापूरपासून साधारण साठ किलोमीटरवर. ४८ खांबांचा स्वर्गमंडप, त्याच्या छताला गोल झरोका आणि बरोबर खाली तशीच गोल चंद्रशिला. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र झरोक्यावर येतो याचं कौतुक सगळे करतात. त्याचं कारण साधं आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य दक्षिणेला साधारण १६ ते २१ अंश कललेला, म्हणून चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, आणि खिद्रापूरचा अक्षांश साडेसोळाच्या थोडा वर. म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा आणखी ५ अंश इकडेतिकडे झुकते, त्यामुळे दरवर्षी तो नेमक्या मध्यावर येत नाही, हे लक्षात ठेवूनच त्या रात्रीचा बेत करावा.

तुम्ही डिसेंबरात दिवसा जाणार. तेव्हा झरोक्यातून उन्हाचं एक लंबगोल मंडपात उतरतं आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातं. तिथे सूर्य सगळ्यात वर येतो तो साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी, आणि त्या वेळी ते लंबगोल चंद्रशिलेवर नसून बरंच उत्तरेला गेलेलं असतं, कारण सूर्य दक्षिणेला असतो. ऊन बरोबर मध्यभागी हवं असेल तर ६ मे आणि ६ ऑगस्टच्या आसपासचे दिवस धरा. ऑगस्टात ढग आणि कृष्णेचं पाणी, तेव्हा मेच खरा.

डिसेंबरात इथे साडेदहाला पोहोचा आणि दोनपर्यंत थांबा. ऊन एखाद्या खांबावर चढलं की तो खांब आणि मागचा अंधार यांत सहा-आठ स्टॉपचं अंतर पडतं. उन्हाच्या पट्ट्यावर मोजमाप करा आणि बाकीचं काळं होऊ द्या. सगळंच दाखवायचं असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या. झरोका सरळ खालून घ्यायचा तर चंद्रशिलेच्या मध्यावर रुमाल पसरून कॅमेरा पाठीवर निजवा आणि मोबाइल ॲपवरून शटर मारा, स्क्रीन खाली दबलेला असल्याने दुसरा उपाय नाही. गोल वाकडा येतो तो कॅमेरा थोडा कलल्यामुळे. आयपीसच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) फुगवट्याने कॅमेरा नेहमीच कलतो, म्हणून दुसऱ्या टोकाखाली दुमडलेला रुमाल सारा. १८ मिमीमध्ये झरोका येतो, भोवतीचे खांब कापले जातात. १०-१८ किंवा तत्सम लेन्स आठ दिवसांपुरती भाड्याने मिळाली तर घ्या. या प्रवासात पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला, नाहीतर ५० मिमी एफ १.८ वर.

विजापूरला गोलघुमट सकाळी उघडताच गाठा. तो शाळांच्या सहलींमुळे अवघड आहे. डिसेंबर हा सहलींचा महिना आणि वर प्रतिध्वनीच्या सज्जात नऊनंतर नुसत्या आरोळ्या. दर्शनी बाजू दक्षिणेची, म्हणजे आपल्या सोयीची. इब्राहिम रोझात मात्र वेळेचा नेम हवा. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला कबरीची इमारत आणि पश्चिमेला मशीद, दोघी समोरासमोर. सकाळी मशिदीचं तोंड उजळतं, संध्याकाळी कबरीचं. दोन्ही एकाच वेळी चांगल्या मिळत नाहीत. दगडी जाळ्या आणि अक्षरकाम कबरीच्या इमारतीवर आहे, म्हणून एकच फेरी जमणार असेल तर तीनला जा आणि बंद होईपर्यंत थांबा.

बदामीसाठी दोन मुक्काम ठेवा. चार लेणी तळ्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, तोंडं उत्तरेला. म्हणजे डिसेंबरात तिथे थेट ऊन नाही. लोक याला वाईट समजतात, पण ओसरीतल्या मूर्तींना याहून चांगला उजेड मिळत नाही: समोरच्या कड्यावरून आणि अंगणाच्या दगडावरून परतलेला, मऊ, बाजूने येणारा. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज याच उजेडात घ्यावा. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख आहे. हे लेणं सगळ्यांत मोठं आणि तिथेच सगळ्यांत जास्त वेळ द्या. परावर्तित उजेडाला दगडाचा तांबूस रंग चढलेला असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स तो प्रत्येक फोटोत निराळा सुधारतो, मग घरी दहा फोटोंचे दहा रंग. राखाडी कार्ड नसेल तर साध्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो प्रत्येक लेण्यात काढून ठेवा आणि नंतर त्यावरून रंग जुळवा.

बदामीची माकडं हा विनोदाचा विषय नाही. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की ती येतात. खाण्याचं काही बाळगू नका, लेन्सचं झाकण हातात धरू नका आणि पिशवीची चेन उघडी टाकून मूर्तीकडे बघत बसू नका.

भूतनाथ मंदिर तळ्याच्या पूर्व टोकाला आहे, पाण्याकडची बाजू पश्चिमेची, म्हणून ते संध्याकाळचं. पण सूर्य डिसेंबरात नैर्ऋत्येला झुकलेला असतो आणि दक्षिणेकडचा डोंगर मध्ये येऊ शकतो. सूर्यास्त सहाच्या आत असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, साडेचारला तळ्याच्या काठावर उभे असा. प्रतिबिंब हवं तर कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा. उभं राहून घेतलेल्या फोटोत देऊळ आणि प्रतिबिंब यांच्यामध्ये काठाची जाड पट्टी शिरते.

पट्टदकल आणि ऐहोळे एकाच दिवसात होतात. बदामी ते पट्टदकल बावीस-तेवीस किलोमीटर, तिथून ऐहोळे पुढे तेरा-चौदा. सकाळी पट्टदकल, दुपारनंतर ऐहोळे, हाच क्रम ठेवा. पट्टदकलला विरूपाक्ष हे मुख्य देऊळ. कांचीच्या पल्लवांवरच्या विजयानंतर चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने ते बांधवलं. वर सांगितल्याप्रमाणे आधी दक्षिणेची भिंत, मग दहा वाजता पूर्वेची. मधल्या वेळात आत जा. मंडपाच्या खांबांवर रामायण-महाभारताचे पट्टे कोरलेले आहेत आणि उजेड फक्त दारातून आणि जाळीच्या खिडक्यांतून. फ्लॅश नको. सोबत्याला पांढरा ए-फोर कागद देऊन खांबाच्या अंधाऱ्या बाजूला फूटभर अंतरावर धरायला सांगा. खिडकीचा उजेड त्यावरून परततो आणि काळ्या पडलेल्या आकृत्या दिसू लागतात. कागद घडी उलगडून सपाट धरा.

इथे उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्रविड अशी दोन्ही धाटणीची शिखरं एकाच आवारात आहेत. ते एका फोटोत दाखवायचं तर जवळून १८ मिमीने घेऊ नका, मागची शिखरं बोटाएवढी होतात. आवाराच्या कडेला मागे जा आणि १०० ते १५० मिमीने घ्या, म्हणजे ती एकमेकांना टेकल्यासारखी उभी राहतात.

ऐहोळेचं दुर्ग मंदिर दुर्गादेवीचं नाही, दुर्गाजवळचं म्हणून दुर्ग. त्याची पाठ अर्धगोल आणि भोवती खांबांची प्रदक्षिणेची वाट. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडच्या खांबांमधून आत घुसतं आणि कोनाड्यांतल्या मूर्तींवर खांबांच्या सावल्या पडतात. मूर्तीवर अर्धी सावली असेल तर फोटो घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटांत पट्टा सरकतो. गावातल्या बाकीच्या देवळांना तासभर पुरे.

हंपीला दोन पूर्ण दिवस. पहाटेचं मातंग टेकडीचं ठिकाण सर्वांना ठाऊक आहे, पण लोक तिथे उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसतात. सूर्य वर आला की मागे वळा: पश्चिमेला विरूपाक्षाचं गोपुर आणि बाजारपेठेची लांब रेघ, दोन्हींवर समोरून ऊन. हा फोटो पहिल्या वीस मिनिटांचा आहे. चढ खड्या पायऱ्यांचा आहे, अर्धापाऊण तास धरा आणि अंधारात एकट्याने जाऊ नका.

विठ्ठल मंदिराचा दगडी रथ देवळाच्या पूर्वेला आवारात उभा आहे. सकाळी तिकीटखिडकी उघडताच पोहोचलात तर पहिला अर्धा तास तुमचा. तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी ते कमल महालाच्या जनान्यालाही चालतं. पार्किंगपासून आत बॅटरीच्या गाड्या जातात. रांग मोठी असेल तर चालत जा, वाटेतली पुष्करणी तशीही बघायची आहे.

विरूपाक्ष मंदिरात गाभाऱ्यामागे एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते. लहान भोकातून उजेड आत येऊन उलटं चित्र उमटतं, हेच कॅमेऱ्याचं मूळ तत्त्व. ते गोपुर पूर्वेला, खोली पश्चिमेला, म्हणजे खोलीला दिसते ती गोपुराची पश्चिमेची बाजू. तिच्यावर ऊन दुपारनंतर येतं, तेव्हाच जा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, पूर्ण उघडलेलं ॲपर्चर (लेन्सचं भोक), १/८ सेकंद आणि कोपर भिंतीला टेकवून. ऑटोफोकस चाचपडत राहील, म्हणून भिंतीच्या एखाद्या कडेवर फोकस धरून मॅन्युअल करा.

हललेल्या फोटोंबद्दल. ट्रायपॉड घरी ठेवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याला साधारणपणे हरकत नसते, ट्रायपॉडला मात्र लेखी परवानगी लागते. विजापूर आणि बदामीसाठी ती धारवाड मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांकडून. आठ दिवसांच्या सहलीसाठी त्या कागदामागे लागण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पावशेर तांदूळ किंवा मूग भरलेली, तोंड शिवलेली कापडी पिशवी घ्या. ती पायरीवर किंवा उंबऱ्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, की अर्ध्या सेकंदापर्यंत फोटो स्थिर येतो. कोरीव दगडावर काही ठेवू नका. हातात धरूनच घ्यायचा तर पाठ खांबाला लावा आणि पाच फोटोंची झड मारा. पहिला आणि शेवटचा बोटाच्या दाबाने हलतो, मधला वाचतो. १८-५५ मध्ये स्थिरीकरण असेल तर रुंद टोकाला १/८ पर्यंत जमतं. आयएसओ वाढवायला घाबरू नका, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

चालू देवळांत एलईडी दिव्यांचा त्रास असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अनेक स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. शांत (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. अर्थात, मूर्तीचा फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात आत फोटोला बंदी आहे, तिथे जाताना कॅमेरा लॉजवरच राहू द्या. ड्रोन आणूच नका.

गोपुरं आणि घुमट मागे पडल्यासारखे येतात ते कॅमेरा वर उचलल्यामुळे. कॅमेरा सरळ ठेवा, मागे जा, खाली जमीन जास्त आली तरी चालेल. जागाच नसेल तर दोन्ही कडांना चौकटीचा सहावा-सातवा हिस्सा मोकळा सोडा, संगणकावर उभ्या रेषा सरळ करताना तेवढा भाग कापला जातो.

खर्चात तिकिटं किरकोळ आहेत. भारतीयांना हंपी-पट्टदकलसारख्या जागतिक वारसा स्थळी ४० रुपये, बाकी तिकीट असलेल्या स्मारकांत २५, ऑनलाइन काढल्यास पाच रुपये कमी. व्हिडिओ कॅमेऱ्याचे वेगळे. सुट्टे पैसे जवळ ठेवा. तारखा पुढे ढकलणार असाल तर दोन गोष्टी बघा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हंपीला खोली मिळणं कठीण, आणि पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची जत्रा असते, तेव्हा बदामीतही तेच. जत्रेचेच फोटो हवे असतील तर गोष्ट निराळी. जोतिबाचा गुलाल किंवा जेजुरीचा भंडारा असलेल्या जत्रेत मात्र एकच लेन्स लावून जा, ती तिथे कॅमेऱ्यावरून काढूच नका. पूड बसली तर आधी हवेच्या पंपाने उडवा, मग कोरडा ब्रश. ओला रुमाल फिरवलात की हळद रबराच्या खाचांत चिकटते आणि झूमचं कडं करकरायला लागतं.

परतीला हंपीहून गदगकडे वळा आणि लक्कुंडीला काशीविश्वेश्वराच्या देवळापाशी दोन तास काढा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं काम आहे, मऊ दगडातलं, म्हणून दारांच्या चौकटींवर नखाएवढ्या आकृत्या आहेत. ५५-२५० इथे पुरत नाही, कारण ती फार जवळ फोकस करत नाही. १८-५५ ला ५५ वर ठेवून फूटभर अंतरावर जा, एफ ८ ठेवा आणि तांदळाची पिशवी चौकटीवर न टेकवता गुडघ्यावर घ्या. दुपारी दोनच्या आत तिथून निघालात तर रात्री उशिरा का होईना, कोल्हापूर गाठता येतं.